मामांच्या पेटीतले चाकू: ओळख कशी पटवायची, किंमत कशी ठरवायची

घरातलं जुनं माणूस गेलं की त्याच्या ट्रंकेत नाहीतर बिस्किटांच्या डब्यात खिशातले चाकू निघतात, आणि ते निघाल्याबरोबर कुणीतरी पॉलिश पेपर शोधायला उठतं. त्याला आधी खाली बसवा. मी सगळी नोकरी टूलरूममध्ये ग्राइंडिंगवर काढली. पोलाद चकचकीत करणं हेच माझं काम होतं, म्हणून हे जीव तोडून सांगतो. पात्याच्या मुळाशी, जिथे ते मुठीत शिरतं तिथे, कारखान्याचा ठसा असतो. तो फार उथळ असतो. पॉलिश पेपरचे चार हात फिरले की जातो. चाकू कुणाचा, कुठला, कधीचा हे त्या ठशाशिवाय सांगता येत नाही, आणि जाणकार माणूस पैसे मोजतो ते त्या ठशाला.

आमचे मामा मिरजेला रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. टपालाच्या थैल्यांची सुतळी कापायला चाकू रोज हातात, त्यातून नाद लागला. जुन्या बाजारातून, निवृत्त फौजींकडून, परदेशी जाऊन आलेल्या नातेवाइकांकडून असे चाकू जमत गेले. ती पेटी मामींनी माझ्याकडे दिली, कारण भाच्याला लोखंडातलं कळतं असा घरात समज. ती पेटी लावताना जो क्रम उपयोगी पडला तोच इथे देतो.

सगळ्यात आधी यादी. वाटणी नंतर. प्रत्येक चाकूला सुती दोऱ्याने कागदाचा नंबर बांधा. स्टिकर नको, त्याचा गोंद मुठीवर डाग पाडतो. वहीत नंबरापुढे लिहा: मिटलेल्या चाकूची लांबी, पाती किती, मूठ कशाची, रिव्हेट पितळी की पांढऱ्या धातूचे, आणि चाकू कशात गुंडाळलेला होता. लांबी नेहमी मिटलेल्या मुठीचीच घ्यायची, संग्राहकांची तीच पद्धत आहे. मिलिमीटर आणि इंच दोन्ही लिहा. जुनं पाकीट, बिलाचा कपटा, चामड्याचं घर, काहीही टाकू नका. आणि घरात अजून बोलणारी वडीलधारी माणसं असतील तर त्यांच्यासमोर एकेक चाकू ठेवून विचारा. मामींना निम्म्या चाकूंची हकिगत माहीत होती. मामांनी कधी कागदावर काही लिहिलं नव्हतं.

आता उघडणं. बरीच वर्षं मिटून राहिलेलं पातं अडकतं. त्याला पकड लावायची नाही. पकडीचे दात पात्यावर उमटतात आणि नख अडकवायची खाच तुटते. सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा, रात्रभर आडवं ठेवा, सकाळी फडक्यात धरून हळू उघडा. नाही उघडलं तर पुन्हा तेल. खोबरेल नको, ते घट्ट होऊन चिकट बसतं.

ठसा वाचायला भिंग आणि मोबाइलची टॉर्च पुरते. उजेड वरून टाकला तर काही दिसत नाही. टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून, बाजूने, तिरकी धरा. खोलगट भागात सावली पडते आणि अक्षरं वर येतात. तरी जमलं नाही तर टाल्कम पावडर बोटाने ठशावर चोळून वरची पुसून घ्या, अक्षरांत पांढरं राहतं. पात्याच्या दोन्ही बाजू बघा, आणि चाकूला दोन-तीन पाती असतील तर प्रत्येकाचं मूळ बघा. मोठ्या पात्यावर एक नाव आणि लहानावर भलतंच असेल तर एक पातं कधीतरी बदललेलं आहे, आणि किंमत तिथेच उतरते.

माझ्या पाहण्यात आपल्या जुन्या घरांतून सगळ्यात जास्त निघतो तो इंग्लंडमधल्या शेफिल्डचा माल, त्यातही जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा. याची खूण म्हणजे एक तारा आणि एक माल्टीज क्रॉस, म्हणजे टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या चार हातांचा क्रॉस, शेजारी शेजारी. ही खूण त्यांना 1764 मध्ये मिळाली. काही पात्यांवर नॉरफोक स्ट्रीटचा पत्ताही असतो. नाव फार मोठं होतं, म्हणून नकलाही निघत. नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं असे. इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर तपासा: रॉजर्समध्ये ‘जी’च्या आधी ‘डी’ हवाच.

शेफिल्डच्या चाकूवर मुकुट आणि दोन अक्षरं असली तर काळाचा अंदाज येतो. व्ही आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, 1837 ते 1901. ई आर म्हणजे सातवा एडवर्ड, 1901 ते 1910. जी आर जरा फसवं आहे, कारण जॉर्ज नावाचे राजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही होते आणि विसाव्या शतकातही, 1910 ते 1936 पाचवा आणि 1936 ते 1952 सहावा. तिथे दुसरा पुरावा लागतो. पात्यावर देशाचं नाव, म्हणजे ‘इंग्लंड’, असेल तर चाकू बहुधा 1890 नंतरचा. त्या वर्षी अमेरिकेने कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं, आणि कारखाने ते ठोकू लागले. ‘मेड इन इंग्लंड’ हे पूर्ण वाक्य साधारणपणे त्याहूनही नंतरचं.

‘स्टेनलेस’ हा शब्द तर माझा सगळ्यात आवडता पुरावा. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी 1913 मध्ये ते पोलाद ओतलं. ते शोधत होते बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारं पोलाद, आणि हाती लागलं न गंजणारं. पात्यावर स्टेनलेस लिहिलं असेल तर तो चाकू 1913 च्या आधीचा असूच शकत नाही, मग घरात कुणी पणजोबांच्या लग्नातला म्हणो. इथे एक गैरसमज काढून टाकतो: चुंबक लावून स्टेनलेस ओळखता येत नाही. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच भांड्यांना चुंबक चिकटत नाही, पण चाकूचं स्टेनलेस कडक करता यावं म्हणून वेगळ्या जातीचं असतं आणि त्याला चुंबक पक्का चिकटतो. साधं कार्बन पोलाद ओळखायचं ते रंगावरून. वापराने त्यावर करडी-निळसर छटा चढते. ती छटा गंज नाही. ती पोलादाचं रक्षण करते, आणि संग्राहक तिच्याकडे बघून चाकू हाताळलेला पण न घासलेला आहे हे ओळखतात.

जर्मन चाकूंवर झोलिंगेन शहराचं नाव शोधा. 1938 पासून हे नाव कायद्याने राखलेलं आहे, दुसरीकडे बनवलेल्या मालावर ते घालता येत नाही. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलं असेल तर काळ 1949 ते 1990 मधला. जुळी माणसं दिसली तर ती हेंकेल्स घराण्याची खूण, 1731 पासूनची.

लाल मुठीचा स्विस चाकू प्रत्येकाला ओळखता येतो, त्यामुळे त्याच्याकडे नीट कुणी बघत नाही. कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये श्वीत्स प्रांतातल्या ईबाखला कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले आणि 1897 मध्ये ऑफिसरचा चाकू नोंदवला. 1909 मध्ये आई गेली, तेव्हा तिच्या नावावरून मालाला ‘व्हिक्टोरिया’ हे नाव दिलं. 1921 मध्ये त्याला ‘इनॉक्स’, म्हणजे न गंजणारं, जोडलं गेलं आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. म्हणून नुसतं ‘व्हिक्टोरिया’ असलेलं पातं हाती आलं तर ते बाजूला, वेगळ्या कापडात ठेवा. सैनिकांसाठीच्या चाकूवर पात्याच्या मुळाशी वर्षाचे दोन आकडे असतात. 1961 चं मॉडेल ॲल्युमिनियमच्या खरबरीत मुठीचं आहे, आणि त्यातल्या सुरुवातीच्या काही वर्षांच्या मुठी लाल आहेत. पुढच्या चंदेरी मुठींपेक्षा लालला भाव जास्त.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांत दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जवानाचा जाड, काळ्या मुठीचा चाकू सापडू शकतो. त्याला एक बोथट नाकाचं सरळ धारेचं पातं, डबा उघडायचं अवजार आणि पाठीवर दोरखंडाच्या गाठी सोडवायचा जाड दाभण असतो. त्यावर वर्ष आणि तीन रेघांचा बाण शोधा. हा बाण ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर तो हिंदुस्थान सरकारचा माल. अशा चाकूबरोबर त्या जवानाचं डिस्चार्ज बुक किंवा पदकं असली तर ती कधीही वेगळी करू नका. एकत्र असली की चाकू नेमका कुणाच्या खिशात होता हे सिद्ध होतं.

मुठीसाठी निवांत वेळ काढा. हाडावर भिंगातून बारीक काळपट ठिपके आणि तुटक रेघा दिसतात. हस्तिदंतात ते ठिपके नसतात, आणि मुठीच्या टोकाच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. रेघा अगदी समांतर, आखल्यासारख्या असतील तर ते हस्तिदंताची नक्कल केलेलं सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. सांबरशिंगाची मूठ बाहेरून खडबडीत, आणि दोन्ही बाजूंच्या खाचा कधीच सारख्या नसतात. हाडावर यंत्राने खाचा पाडून केलेल्या नकलेत त्या सारख्या येतात. हे सांबरशिंग आपल्याच जंगलांतून शेफिल्ड आणि झोलिंगेनला जात असे, तिथे त्याच्या मुठी होऊन चाकू परत इथल्या दुकानांत येत. शिंपल्याची मूठ गालाला लावली तर गार लागते आणि हलवली की रंग बदलते.

सेल्युलॉइडची मूठ असलेला चाकू त्याच दिवशी इतरांपासून दूर करा. बोटाने जोरात चोळली की कापराचा वास येतो. जुनं सेल्युलॉइड विरत जाताना आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या सगळ्या पात्यांना गंज धरवतं. ओळखायला म्हणून तापलेली सुई टोचायची नाही, सेल्युलॉइड भसकन पेटतं.

मग अवस्था. पातं मिटा आणि त्याचं टोक मुठीच्या आत नीट झाकलं जातंय का बघा. खूप वेळा धार लावलेलं पातं अरुंद होतं आणि मुठीत फार खोल बसतं. उघडताना आणि मिटताना पाठीच्या स्प्रिंगचा खणखणीत टक् असा आवाज यायला हवा. उघडं पातं आडवं हलवून बघा, सांधा ढिला असेल तर कळतो. मुठीला तडे आहेत का, रिव्हेटभोवती हिरवट पूड आहे का, तेही वहीत जाऊ द्या. लाल, पूड सुटणारा गंज मात्र थांबवायलाच हवा: तेल लावून ठेवा आणि बांबूच्या टोकदार काडीने खरवडा. चिंच, राख, भांड्यांची पावडर, वायर ब्रश यांना मज्जाव.

किंमतीचं सांगतो. ऑनलाइन कुणी मागितलेला भाव म्हणजे किंमत नव्हे. तसाच ठसा, तशीच मूठ आणि तशीच अवस्था असलेला चाकू प्रत्यक्षात कितीला विकला गेला, ते लिलावांच्या संपलेल्या यादीत शोधा, आणि एकावर न थांबता चार-पाच व्यवहार बघा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात दाखवलं तर व्यापारी बहुतेक वेळा अख्ख्या डब्याचा एक आकडा सांगतो. तो घेऊ नका, नंबरवार भाव मागा. एकाच चाकूसाठी तो खळखळ करायला लागला की समजा, डब्याचा आकडा त्या चाकूसाठी होता. भावंडांत वाटणी असेल तर आकडे लावून झाल्यावर पाळीपाळीने एकेक उचलायची पद्धत आमच्याकडे भांडणाशिवाय पार पडली. ठसा नसलेले, गावच्या लोहाराने घडवलेले चाकू बाजारात जवळजवळ फुकट जातात. मला हा बाजाराचा अडाणीपणा वाटतो. ते विकू नका, कारण गावातली ती भट्टी बंद पडली की तसं काम पुन्हा मिळणार नाही.

विकण्याआधी कायदा. हस्तिदंताची खरेदी-विक्री 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. वारशाने आली असेल तर 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तिची माहिती द्यायची असते. सांबरही संरक्षित प्राणी आहे, म्हणून त्या मुठीचा चाकू विकायच्या आधी वन विभागाकडे विचारा. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा कलेचं मोल असलेली वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती देशाबाहेर विकता येत नाही, त्यामुळे परदेशी ग्राहकाला होकार देण्याआधी पुरातत्त्व खात्याचं मत घ्या. रामपुरीसारखा मोठा चाकू निघाला तर पातं मोजा. घरकाम, शेती अशा वापरासाठी नसलेलं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांत येतं. पेटीतला कुठलाही चाकू दाखवायला नेताना मिटून, बांधून, पिशवीच्या तळाशी न्या, आणि शहरात पोलिसांचा शस्त्रबंदीचा आदेश लागू असेल त्या दिवसांत नेऊच नका.

राहिलेले चाकू चामड्याच्या घरात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पितळेला हिरवं करतं. घर जवळ ठेवा, चाकू त्यातून बाहेर. तेलाचा पुसट हात, धुतलेलं कोरडं सुती कापड, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर पावसाळ्यात त्या पुड्या दर पंधरवड्याला बदला आणि प्रत्येक पातं उघडून सांध्याजवळ बघा, गंज पहिल्यांदा तिथेच धरतो.