शाळेच्या संकेतस्थळावर कोणाला किती अधिकार द्यावेत आणि पाने कशी बदलावीत

शाळेच्या संकेतस्थळावर काम करणाऱ्या प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे आणि त्या खात्याला कामापुरतेच अधिकार असावेत. मी एका शाळेचे संकेतस्थळ सांभाळायला घेतले तेव्हा सगळे शिक्षक एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने लॉगिन करीत. परीक्षा तोंडावर आलेली असताना वेळापत्रकाचे पान कोणाच्या तरी हातून कोरे झाले, आणि प्रत्येक बदलापुढे तेच एक नाव असल्यामुळे विचारायचे कोणाला, हेच कळेना.

पुढील माहिती वर्डप्रेसची, म्हणजे संकेतस्थळ तयार करून चालवण्याच्या प्रणालीची आहे. त्यात पाच भूमिका, म्हणजे अधिकारांचे ठरावीक संच, तयार मिळतात. सबस्क्रायबरला फक्त स्वतःची माहिती बदलता येते. कॉन्ट्रिब्युटर मजकूर लिहून तपासणीसाठी पाठवतो, पण तो प्रकाशित करू शकत नाही आणि छायाचित्रही चढवू शकत नाही. विद्यार्थी-संपादकांसाठी हीच भूमिका योग्य आहे. ऑथर स्वतःच्या बातम्या प्रकाशित करतो, मात्र 'प्रवेश' किंवा 'संपर्क' यांसारख्या कायमस्वरूपी पानांना त्याला हात लावता येत नाही, आणि बहुतेकांची गफलत नेमकी इथे होते. त्यासाठी एडिटर लागतो. पण एडिटरला सगळ्यांचाच मजकूर बदलता येत असल्याने ही भूमिका दोघा-तिघांपलीकडे देऊ नये. थीम (संकेतस्थळाचे रूप), प्लगिन (जादा सोयी देणारे जोडप्रोग्रॅम) आणि वापरकर्ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या हाती असतात. असे दोघे असावेत, म्हणजे एक जण रजेवर असला तरी काम अडत नाही.

एखादे शिक्षक शाळा सोडून गेले की त्यांचे खाते त्याच दिवशी बंद करावे. खाते काढून टाकताना वर्डप्रेस विचारतो, की त्यांचा मजकूरही पुसायचा की दुसऱ्याच्या नावावर करायचा. इथे दुसराच पर्याय निवडावा, नाहीतर त्यांनी लिहिलेल्या साऱ्या बातम्या खात्याबरोबर जातात.

प्रकाशित पान उघडून बदल जतन केला, की तो त्याच क्षणी पालकांना दिसू लागतो. म्हणून आधी पूर्वावलोकन पाहावे, आणि तेही मोबाइलवर. पान दुसरे कोणी संपादित करीत असल्याची सूचना आली, तर ताबा घेण्याआधी त्या व्यक्तीला फोन करावा. चूक झालीच तर बाजूच्या पट्टीतील 'आवृत्त्या' उघडाव्यात: तिथे जुना आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी दिसतो, कोणी आणि केव्हा बदल केला तेही कळते, आणि हवी ती आवृत्ती परत आणता येते. आमचे वेळापत्रक असेच परत मिळाले. पानाचे शीर्षक बदलले तरी त्याचा पत्ता मात्र बदलू नये, कारण पालकांनी जपून ठेवलेले दुवे त्यामुळे तुटतात.

फायलींच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. वेळापत्रकाची नवी पीडीएफ त्याच नावाने चढवली, तरी जुनी तिच्या जागी तशीच राहते आणि नवीला वेगळा पत्ता मिळतो. पानावरचा दुवा नव्या फायलीला जोडून जुनी फाइल मीडिया लायब्ररीतून (चढवलेल्या फायलींच्या साठ्यातून) काढली नाही, तर शोधयंत्रातून येणाऱ्या पालकांच्या हाती जुनेच वेळापत्रक पडू शकते. शिवाय पान मसुद्यात ठेवले, तरी त्यात चढवलेली फाइल तिचा पत्ता माहीत असलेल्या कोणालाही उघडता येते; म्हणून विद्यार्थ्यांचे गुण, पत्ते किंवा वैद्यकीय माहिती असलेली फाइल संकेतस्थळावर तात्पुरतीसुद्धा चढवू नये.