मफलर जितका जुना, तितका हलका

लोकरीचा मफलर नैसर्गिक, म्हणून त्याचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे त्याच्यापायी हवेत जाणाऱ्या, पृथ्वी तापवणाऱ्या वायूंचा भार कमी, असं समजू नका. मेंढी रवंथ करताना मिथेन सोडते, आणि हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 27 पट तापदायक ठरतो. लोकरीचा बराचसा भार तिथेच पडतो, कारखान्यात नव्हे. अॅक्रिलिकचा धागा खनिज तेलापासून बनतो. शिवाय धुताना त्यातून प्लास्टिकचे बारीक तंतू सुटतात, ते वेगळंच.

मग घ्यायचा कोणता? माझं मत विचाराल तर, कपाटात आहे तोच. मफलर बनतानाच बहुतेक उत्सर्जन होऊन गेलेलं असतं. तोच दोनऐवजी दहा हिवाळे वापरला, तर दर हिवाळ्याच्या वाट्याला येणारं उत्सर्जन पाचव्या हिश्शावर येतं.

तो टिकवायचा कसा, तर आधी धुणं कमी करा. लोकर सहसा वास धरून ठेवत नाही. रात्रभर वाऱ्यावर टाकली की पुरतं. धुवायचाच झाला तर थंड पाण्यात, सौम्य साबणाने, न पिळता. टांगून वाळवू नका, ओल्या वजनाने तो लोंबतो. सपाट पसरा. गोळे आले तर कात्रीने अलगद छाटा, ओढू नका. भोक पडलं तर रफू. हिवाळा संपला की स्वच्छ करूनच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कारण कसरीला घामट, मळकी लोकर फार आवडते.