हळू आवाजात गाणी ऐकण्यासाठी म्युझिक सिस्टीम घेताय? आधी ही तयारी करा

पहिली तयारी घरातच करायची. रात्री सगळे झोपले की, म्हणजे तुम्ही खरंच ज्या वेळेला ऐकणार आहात तेव्हा, खोलीत पाच मिनिटं नुसतं बसा आणि फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप लावा, आकडा अगदी अचूक नसतो पण अंदाज येतो. शांत खोलीत साधारण ३० डेसिबल, पंखा लावला की त्याच्या बरंच वर. गाण्यातल्या हळुवार जागा या घरघरीखाली दबल्या तर कितीही भारी स्पीकर आणा, त्या ऐकू येणारच नाहीत. म्हणून आधी पंखा, मग स्पीकर.

वॉटच्या मागे लागू नका. एका वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणारा स्पीकर ५६ डेसिबलला वाजवायला वॉटचा हजारावा भाग पुरतो.

खरी गोची असते अ‍ॅम्पच्या (स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या) व्हॉल्यूमच्या नॉबमध्ये, आणि हे विकत घेताना कोणी सांगतच नाही. साध्या नॉबमध्ये डाव्या-उजव्या स्पीकरसाठी आवाज कमी-जास्त करणारे दोन वेगळे ट्रॅक एकाच दांड्यावर असतात आणि अगदी सुरुवातीला ते दोन्ही सारखे चालतीलच असं नाही. माझ्या आधीच्या अ‍ॅम्पवर रात्री गाणारीचा आवाज चक्क डाव्या स्पीकरमध्ये जाऊन बसायचा, नॉब केसभर पुढे सरकवला की मधे यायचा, पण तेवढ्यात घर जागं व्हायचं. म्हणून दुकानात एक मोनो रेकॉर्डिंग (दोन्ही स्पीकरमध्ये अगदी एकच आवाज असलेलं) बरोबर न्या, रात्री ठेवाल इतका आवाज कमी करा आणि गळा मधोमध राहतो का ऐका. डिजिटल किंवा पायरी-पायरीने बदलणारा व्हॉल्यूम असेल तर फारच छान.

मग सगळं चालू ठेवून काहीच न वाजवता आपल्या बसायच्या अंतरावर थांबा. सूं असा आवाज येतोय? अ‍ॅम्पमधून बारीक हम्म? दिवसा चालून जाईल, रात्री तोच कानात बसतो. जास्त सेन्सिटिव्हिटीच्या, म्हणजे तेवढ्याच वॉटला मोठ्याने वाजणाऱ्या, स्पीकरवर आणि कानात घालायच्या इयरफोनवर तर हे आणखी उघडं पडतं.

बेस-ट्रेबलचे नॉब असलेच पाहिजेत, माझं ठाम मत आहे, भले शौकीन लोक नाकं मुरडोत. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की आवाज कमी झाला की खालचे सूर आपल्या कानाला मधल्या सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात, म्हणजे बेस गिटार गायब झाली तर दोष स्पीकरचा असेलच असं नाही. लाउडनेसचं बटण, म्हणजे हळू आवाजात बेस वाढवून देणारं, याचसाठी असतं. सबवूफर मात्र नकोच, बेस भिंतीतून सरळ पलीकडे जातो.

जागाही मोजून ठेवा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल वाढतात, खोलीत थोडे कमी, पण छोटे स्पीकर मीटरभरावर ठेवले की आवाज न वाढवता सगळं स्पष्ट होतं. हेडफोन घेणार असाल आणि शेजारी कोणी झोपत असेल तर बंद पाठीचे घ्या, उघड्या पाठीचे बाहेर ऐकू जातात.

आणि परत करायची मुदत आधी विचारून घ्या, कारण नॉबची आणि त्या सूं आवाजाची खरी परीक्षा घरी, पहिल्याच रात्री होते.