गट सारखे पडलेत का? मी हे असं तपासते

चिठ्ठ्या टाकून माणसं दोन गटांत वाटलेल्या प्रयोगाचा डेटा हातात आला की वय, लिंग, आधीचे गुण यांच्या सरासऱ्यांकडे मी लगेच जात नाही. आधी नुसती डोकी मोजते. चिठ्ठी निम्मी-निम्मी टाकायची ठरली असेल आणि १०,००० जणांत ४,८०० उपचार गटात (जी गोष्ट तपासायची ती ज्यांना मिळते) आणि ५,२०० नियंत्रण गटात (ज्यांना ती मिळत नाही) निघाले, तर पुढचं सगळं थांबवायचं. अपेक्षित आणि प्रत्यक्ष संख्यांतली तफावत मोजणारा चाय-स्क्वेअर १६ येतो. एवढा फरक नुसत्या योगायोगाने दहा हजारांत एकदासुद्धा पडत नाही. माझ्यासमोर हे एकदा घडलंय. उपचार गटातल्या माणसाची नोंद त्याचं वेबपान पूर्ण उघडल्यावरच होत होती, त्यामुळे पान अडकलेले सगळे यादीतून गळाले होते. चिठ्ठी बरोबर होती, यादी चूक होती.

डोकी जुळली की दोन्ही गटांच्या सरासऱ्या शेजारी-शेजारी मांडणारा तक्ता. त्यात घ्यायचे ते फक्त उपचार सुरू होण्याआधी मोजलेले सहचल, म्हणजे वय, लिंग, आधीचे गुण अशा माणसाबद्दलच्या गोष्टी. नंतर मोजलेल्या गोष्टीवर उपचाराचा परिणाम झालेला असू शकतो. तिथे फरक दिसला तरी चिठ्ठीबद्दल काहीच कळत नाही. प्रत्येक सहचलात किती नोंदी रिकाम्या आहेत, तेही गटवार लिहा. गडबड पुष्कळदा तिथेच सापडते.

फरक मोजायचा तो प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापात. समजा, एका गटाचं सरासरी वय ४३.१, दुसऱ्याचं ४०.९ आणि दोन्हींचं प्रमाण विचलन ११. फरक २.२, त्याला ११ ने भागलं की ०.२. आता ‘०.१ च्या वर गेलं म्हणजे असंतुलन’ हा नियम बरेच जण डोळे मिटून लावतात. तसं करू नका. चिठ्ठी अगदी चोख असली तरी हा आकडा शून्याभोवती हलतोच, आणि किती हलतो ते साधारण २ भागिले एका गटातली माणसं, याच्या वर्गमुळाइतकं. गटात ५० जण असतील तर ०.२. म्हणजे वरचा फरक अगदी नेहमीचा. गटात ८०० असते तर ०.०५, मग तोच ०.२ बघून मी चिठ्ठीचा कोड उघडला असता.

प्रत्येक ओळीपुढे पी-व्हॅल्यू (एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने पडण्याची शक्यता) लिहायची सवय मात्र सोडाच. वैद्यकीय चाचण्यांसाठीची कॉन्सॉर्ट मार्गदर्शक तत्त्वंही ती नको म्हणतात. २० स्वतंत्र सहचल तपासले तर एक तरी ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता ६४ टक्के! मग ती एक ओळ धरून बैठका होतात. एकच उत्तर हवं असेल तर गटांची नावं संगणकावर हजारदा पिसून सगळे सहचल मिळून एकच चाचणी करा: खरा फरक त्या पिसलेल्या फरकांत वेगळा उठून दिसतो का, एवढंच बघायचं. पिसताना मूळ चिठ्ठीचेच नियम पाळा: चिठ्ठी गावागावांची टाकली असेल तर गावंच पिसायची, माणसं नाही.

आणि उपचाराचा परिणाम काढताना रिग्रेशनमध्ये (सहचल जमेला धरून गटांमधला फरक काढायच्या समीकरणात) कोणते सहचल घ्यायचे, ते डेटा येण्याआधी लिहून ठेवा. निकालाशी ज्यांचा घट्ट संबंध आहे ते घ्या, तक्त्यात फरक दिसो वा न दिसो. तक्ता बघून सहचल निवडलेले मला अजिबात पटत नाहीत.

शेवटचं मोजमाप झाल्यावर हाच तक्ता पुन्हा काढा, फक्त टिकून राहिलेल्यांचा. सुरुवातीला जुळलेले गट गळतीने बिघडलेले असू शकतात, आणि पहिल्या तक्त्यात त्याचा मागमूसही नसतो.