ऑप्टिकल बफरवर काम सुरू करताय? आधी लेझर बंद करून बघा

ऑप्टिकल बफर म्हणजे प्रकाशातला डेटा थोडा वेळ थोपवून धरणारी सोय. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या फायबर लूपमध्ये, म्हणजे प्रकाश फिरत ठेवणाऱ्या फायबरच्या वळशात, प्रकाश 'साठला', तेव्हा मी अख्खी लॅब गोळा केली होती. पॉवर मीटरवरचा आकडा ढळत नव्हता. एका सीनिअरने काही न बोलता इनपुटचा लेझर बंद केला. आकडा तसाच! कुठल्या वेव्हलेंग्थला किती प्रकाश आहे ते दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर मी सोडलेल्या वेव्हलेंग्थपासून दूर, भलत्याच ठिकाणी एक सुळका उभा होता. ॲम्प्लिफायरचा गेन (प्रकाश किती वाढवतो) लूपच्या लॉसपेक्षा (किती प्रकाश गळतो) वर गेला होता आणि माझा बफर स्वतःच लेझर होऊन बसला होता.

मेमरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रॅम येते: ठेवलं, हवं तेव्हा काढलं. प्रकाशाचं तसं नाही. राउटरच्या एकाच आउटपुटवर दोन पॅकेट (डेटाचे तुकडे) एकदम आली तर एकाला लांबच्या वाटेने पाठवायचं, एवढाच उपाय हाती असतो. आणि ते कधी परत येणार हे वाटेची लांबीच ठरवते. फायबरमध्ये मीटरमागे साधारण 5 नॅनोसेकंद लागतात. हा आकडा पाठ करा, बाकीचे त्यातून निघतात. 1500 बाइटचं पॅकेट 10 गिगाबिटच्या लाइनवर 1.2 मायक्रोसेकंदांचं असतं, म्हणजे ते मावायला सुमारे 240 मीटर फायबर हवं. 100 गिगाबिटला 24 मीटर पुरे. पण राउटरच्या जुन्या हिशोबाने 250 मिलिसेकंदांचा बफर करायचा तर फायबर 50 हजार किलोमीटर लागेल, पृथ्वीच्या परिघापेक्षाही जास्त! 2004 मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं, की एका लिंकवर हजारो टीसीपी प्रवाह (इंटरनेटवरची स्वतंत्र कनेक्शन) असतील तर जुन्या हिशोबाचा बफर त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून येईल तेवढाही पुरतो. ऑप्टिकलवाल्यांना तेवढाच धीर आला.

मग लूप कशाला? फायबर वाचवायला. तेच स्पूल (फायबरचं रीळ), पुन्हा पुन्हा फेऱ्या. पण प्रकाश लूपमध्ये आत-बाहेर करायला 50:50 कपलर (प्रकाश दोन वाटांत विभागणारा भाग) असेल तर दर फेरीला निम्मा प्रकाश गळतो. 10 फेऱ्यांनी हजारावा भागच उरतो. ॲम्प्लिफायर लावला की सिग्नल वर येतो, सोबत त्याचा स्वतःचा नॉइजही दर फेरीला साचत जातो. गेन लॉसच्या जरासा खालीच ठेवायचा, आणि रीडिंग घेण्याआधी इनपुट बंद करून बघायचं. ही सवय मला लाज वाटून लागली, तुम्हाला वाचून लागली तर बरं.

स्लो लाइटच्या, म्हणजे प्रकाशाचा वेगच कमी करण्याच्या, मोहात बरेच जण या विषयात येतात, मीही तसाच आलो. 1999 मध्ये लेने हाऊ यांच्या गटाने अतिथंड सोडियममध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला 17 मीटरवर आणला. 2001 मध्ये तर तो थांबवून पुन्हा सोडला. भौतिकशास्त्र म्हणून अफाट. नेटवर्कसाठी मात्र पेपर वाचताना एकच प्रश्न विचारा: बिट किती मावले? उशीर वाढवला की बँडविड्थ आक्रसते, आणि 10 गिगाबिटचा पल्स त्या अरुंद खिडकीतून जातच नाही.

नोकरीचं स्पष्टच सांगतो. बाजारातले राउटर आजही प्रकाशाचं इलेक्ट्रिकल करून डीरॅममध्येच (साध्या मेमरी चिपमध्ये) साठवतात. 'ऑप्टिकल बफर इंजिनिअर' अशी जाहिरात शोधू नका. पण लूप सांभाळता येणाऱ्याला कामं मिळतात. समुद्राखालच्या केबलची लांब पल्ल्याची चाचणी लॅबमध्ये अशाच लूपवर होते, रडारच्या चाचणीतही फायबर डिले लाइन लागते. डीबीचा (डेसिबलमधल्या गेन-लॉसचा) हिशोब तोंडी यायला हवा, स्प्लाइस (दोन फायबर जोडणं) स्वतः करता यायला हवा. आणि कनेक्टर पुसा. पुसलेला असेल तरी पुसा.

तापमानाचं मला कुणी सांगितलं नव्हतं. एक अंश फरक पडला की किलोमीटरमागे उशीर 40 पिकोसेकंदांच्या आसपास बदलतो. 10 गिगाबिटचा बिट 100 पिकोसेकंदांचा, म्हणजे अडीच अंशांत अख्खा बिट सरकला. माझा आय डायग्राम (स्कोपवर बिट एकावर एक ठेवून दिसणारं चित्र) दुपारी सरकायचा आणि रात्री जागेवर यायचा; आठवडाभर मी क्लॉकला शिव्या दिल्या. ते स्पूल अजूनही थर्मोकोलच्या खोक्यात आहे.