वैशाखातलं लग्न आणि लेझरची तयारी

संक्रांत झाली आणि भाचीचा फोन आला. "मावशी, कोल्हापुरात राजारामपुरीत केस काढायच्या लेझरची चौकशी करून आलो. लग्नापर्यंत सगळं साफ होतंय म्हणाले." लग्न वैशाखात. मी तिला तिथंच थांबवलं. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते, कारण लग्नसराई जवळ आली की हा प्रश्न घरोघरी निघतो.

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा आणि लग्नाच्या तारखेपासून मागं मोजा. अंगावरचे सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही वाढीला लागलेले, काही थांबलेले, काही गळायला आलेले. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगात शोषला जातो आणि त्या उष्णतेनं मूळ जळतं, पण हे फक्त वाढत्या केसाचंच होतं. बाकीचे पुढच्या खेपेला सापडतात. म्हणून साधारण सहा ते आठ सिटिंग लागतात, चेहऱ्याला चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं, हातापायांना सहा-आठ. म्हणजे नऊ-दहा महिने धरा. वैशाखातल्या लग्नासाठी खरा मुहूर्त श्रावणातला. आपल्याकडं तेव्हा पावसाची झड असते, ऊन कमी, कातडी रापलेली नसते.

रापलेल्या कातडीचं एवढं का सांगते? मी स्वतः पहिल्यांदा गेले ती चैत्रात, जोतिबाची यात्रा करून आल्यावर चौथ्या दिवशी. दिवसभर उन्हात डोंगरावर होतो, मान आणि हात काळवंडले होते. तिथल्या मुलीनं काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मशीनला केसातला काळा रंग आणि कातडीतला काळा रंग यातला फरक कळत नाही. मानेवर चौकोनी डाग उठले, ते फिकट व्हायला दिवाळी उजाडली. तेव्हा आधीचा महिनाभर ऊन टाळायचं. गाडीवर स्टोल, पूर्ण बाह्या, एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन, आणि ढगाळ दिवशीही ते लावायचं.

मशीनचं नाव विचारायला लाजू नका. गहूवर्णी, सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं एनडी-याग लेझर सगळ्यात सुरक्षित धरतात. ते खोल जातं आणि वरच्या कातडीतला रंग त्याला कमी शोषतो. ८०० ते ८१० चं डायोड जपून वापरलं तर चालतं. ७५५ चं अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीचं. आयपीएल म्हणजे प्रकाशाचे तीव्र झोत, ते लेझरच नाही, पण पुष्कळ ठिकाणी त्याच नावानं खपवतात. मशीन कोण चालवणार आणि त्वचारोगात एमडी किंवा डीव्हीडी (पदविका) झालेला डॉक्टर त्या वेळी हजर असणार का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. आधी छोट्याशा जागेवर पॅच टेस्ट करून आठवडाभर थांबा. पूर्ण पॅकेज एकदम भरू नका.

हनुवटीवर, जबड्याखाली जाड केस येत असतील आणि पाळी पुढंमागं होत असेल, तर लेझरच्या आधी डॉक्टरकडं जा. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग ओपीडीत केसपेपर काढून दाखवलं तरी चालेल. पीसीओडी, थायरॉइड, हार्मोन हे तपासून घ्या. लेझर आजचं मूळ जाळतं, पण आतून नवे केस जाड करणारं कारण तसंच राहतं. पोरी दोन-दोन वर्षं पैसे घालतात आणि आपलंच शरीर वाईट म्हणून रडतात, याचं मला फार वाईट वाटतं. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. गालावरची, जबड्यावरची बारीक लव काढायला गेलं की कधी कधी तिथलेच केस दाट होतात. विशेषतः सावळ्या कातडीच्या आणि हार्मोनची तक्रार असलेल्या बायकांत. लवेला हात लावू नका. पांढऱ्या केसांवर तर लेझर चालतच नाही, त्यात शोषायला रंगच नसतो.

'कायमचे जातात' यावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेचं एफडीए, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणारं सरकारी खातंसुद्धा 'कायमस्वरूपी घट' एवढंच म्हणू देतं. केस पुष्कळ कमी होतात, उरतात ते बारीक आणि फिकट, आणि वर्षातून एखादं सिटिंग पुढंही लागतं.

आता पुढची तयारी. चार आठवडे आधी वॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा, एपिलेटर बंद, कारण मूळच उपटलं तर लेझरनं जाळायचं काय? रेझर चालतो. त्यानं केस जाड होत नाहीत, टोक बोथट झाल्यानं तसे लागतात एवढंच. आदल्या दिवशी रेझर फिरवून जा. ब्लीच बंद, रेटिनॉलची क्रीम आठवडाभर बंद. मुरमांच्या गोळ्या, डॉक्सीसायक्लिन, ओठावर वारंवार उठणारे हर्पीसचे फोड, जखमेची गाठ होण्याची सवय, सगळं डॉक्टरला सांगा. दिवस राहिले असतील तर पुढं ढकला. गोंदणावर किंवा टॅटूवर लेझर मारून घेऊ नका, भाजतं.

त्या दिवशी क्रीम, डिओ, पावडर काही नको. डोळ्यांवर गॉगल हवाच. फोडणीचा थेंब उडावा तसा चटका बसतो, काखेत जास्त. बधिर करायचं क्रीम स्वतःच्या मनानं अख्ख्या पायांना चोपडू नका. ते औषध रक्तात उतरतं आणि जिवावर बेतू शकतं.

नंतर लाली आणि बारीक पुरळ एक-दोन दिवस राहतं. गार फडकं ठेवा, कढत पाणी आणि जिम दोन दिवस नको. आठ-पंधरा दिवसांनी केस वाढल्यासारखे दिसतील. ते बाहेर पडून गळणारे असतात, उपटू नका. फोड आला तर हळद-टूथपेस्ट न लावता त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

भाचीनं शेवटी फक्त काखा सुरू केल्या. लग्नाआधी तीन सिटिंग होतील. हातांना नेहमीसारखं वॅक्स करणार आहे, हनुवटीसाठी आधी तपासण्या. चौथं सिटिंग ज्येष्ठात, पाऊस सुरू झाला की.