पेशंट बेडवर खाली घसरतो? काखेतून ओढू नका, आडवी चादर वापरा

अंथरुणाला खिळलेला पेशंट सारखा पायाकडे घसरत येतो आणि आपण काखेत हात घालून वर ओढतो, त्यात त्यांचे खांदे दुखतात, पाठीची कातडी घासते आणि आपली कंबर जाते ती वेगळीच. आईच्या वेळी मी दोन आठवडे हेच करत होतो, मग घरी येणाऱ्या नर्सताईंनी हे दाखवलं.

१. जुनी मऊ सुती चादर दुहेरी दुमडून बेडवर पेशंटच्या अंगाखाली आडवी टाका, खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी.

२. बेड सपाट करा, उशी काढून डोक्याकडच्या कठड्याला उभी लावा म्हणजे डोकं आपटणार नाही.

३. दोन माणसं दोन बाजूंना. चादरीची कड पेशंटच्या अगदी अंगाजवळ येईपर्यंत गुंडाळून मुठीत धरा, लांबून धरली तर नुसता झोळ होतो.

४. आधी पेशंटला सांगा, बोलत नसले तरी सांगा. मग एक-दोन-तीन म्हणून किंचित उचलून सरकवा. टाचा घासत जाऊ देऊ नका.

दर दोनेक तासांनी कूस बदलायलाही हीच चादर चालते. नंतर सुरकुत्या हाताने नीट काढा, आईला एक छोटी घडी रुतली होती तर कमरेवर तासभर वळ होता.

हलवताना खूप दुखत असेल तर दुखण्याचं औषध आधी द्यायचं का ते डॉक्टरांना विचारून घ्या. आणि हाडात कॅन्सर पसरलेला किंवा फ्रॅक्चर असेल तर त्यांना विचारल्याशिवाय हे करूच नका.